कानडी मजकूर आक्कांच्या संगणकावर

आक्का, तुम्ही गेल्यावर भेटायला आलेल्या बायका तुमच्याबद्दल जे बोलत होत्या ते ऐकून मला आधी वाईट वाटलं, मग राग आला. गव्हाची गोड हुग्गी लई चांगली करायच्या. देवाधर्माच्या होत्या. कुणाला कधी वाकडं बोलल्या न्हायत. सगळं खरं, फक्त शेवटचं सोडून. वाकडं तुम्ही मला पुष्कळदा बोललात आणि मीही तुम्हाला. पण तासभर बसलेल्या त्या दहा-बारा जणींपैकी एकीनंही संगणकाचं नाव काढलं नाही. तो कोपऱ्यातल्या टेबलावर होता, कुणीतरी चादर टाकून झाकलेला. मला उठून सांगावंसं वाटत होतं की या बाईनं दहावीनंतर शाळेचं तोंड बघितलं नाही, चाळिशी ओलांडल्यावर माऊस हातात धरला, आणि उमरग्याहून आलेल्या माणसाला जे सापडलं नाही ते वहीत टिपणं काढून शोधलं. पण अशा वेळी धाकट्या जावेनं कमी बोलावं अशी आपल्याकडं रीत. मी चहा देत राहिले. म्हणून आता लिहिते.

आठवतं का, आपलं काम कसं सुरू झालं. मी भूमची, बी.ए. झालेली, मराठी टायपिंग शिकून आलेली. पुढच्या खोलीत बसून लग्नाच्या पत्रिका जुळवायची. तुम्ही कर्नाटकातल्या आळंदकडच्या, सगळं शिक्षण कानडीतून. आपल्या मुरुम गावात लग्न ठरलं की निम्मे पाव्हणे सीमेपलीकडचे असतात, त्यामुळं पत्रिकेचं एक पान मराठी आणि एक कानडी लागतं. कानडी पान लोक बाहेरून करून आणायचे आणि मी ते चित्रासारखं चिकटवायची. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. एकदा तुम्ही तूर निवडत मागं बसला होतात. सूप बाजूला ठेवून उठलात, पडद्यावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "नोडु सुनंदा, बघ, हे चुकलंय. नवऱ्या मुलाच्या जागी नवऱ्या मुलाच्या बापाचं नाव पडलंय."

मी म्हणाले, "असेल असंच."

"असंच कसं असेल? बाप पुन्हा लगीन करतोय व्हय?"

पत्रिका करायला दिलेला माणूस दुसऱ्या दिवशी येऊन तुमच्या पाया पडायचा बाकी राहिला होता. त्यानंतर चार महिन्यांत तुमच्यासाठी जुना संगणक आला, मधल्या खोलीत बसला, आणि तुम्ही एका बोटानं कानडी टाईप करायला लागलात. आमचे थोरले दीर, दादा, तुमची चेष्टा करायचे, कोंबडी दाणे टिपती म्हणायचे. तुम्ही हसायचा नाहीत. वर्षभरात दोन्ही हातांची बोटं चालायला लागली, तेव्हा दादांनी चेष्टा थांबवली. तेव्हाही तुम्ही हसला नाहीत.

मराठी मजकूर माझ्या संगणकावर, कानडी तुमच्या. मधे एक पेन ड्राईव्ह. दिवसातून वीस वेळा मी मधल्या खोलीत किंवा तुम्ही पुढच्या. त्याच पेन ड्राईव्हनं आपलं नाक कापलं, ती गोष्ट आपण दोघींनीही पुढं कधी काढली नाही. आज काढते. मुलीकडच्यांनी अक्षतेची वेळ तासभर अलीकडं घेतली होती. मी मराठीत बदलली, तुम्ही कानडीत बदललीत, पण छपाईला जाताना पेन ड्राईव्हवर तुमची जुनीच फाईल होती. नवी काढून घ्यायची मी विसरले. मराठी पानावर साडेअकरा, कानडी पानावर साडेबारा. नवरीचा मामा कर्नाटकातनं आला, कानडी पान वाचून आला, आणि मांडवात शिरला तेव्हा लोक जेवायला बसले होते. अंतरपाटामागं नवरीला मामाशिवाय उभं राहावं लागलं.

चूक माझी होती. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. इरकल नेसलात, एकट्या त्या नवरीच्या आईकडं गेलात आणि तासाभरानं परत आलात. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. आलात तशा मधल्या खोलीत गेलात, पेन ड्राईव्ह उचलून देवळीत ठेवलात आणि म्हणालात, "हे बंद. एकच फाईल पाहिजे. तू पण तीच बघायची, मी पण तीच बघायची."

"असं होतंय का?"

"हापिसात होतंय. बँकेत एकानं लिवलं की दुसऱ्याला दिसतंय. मग घरात का होऊ ने?"

संगणक दुरुस्त करणारा रियाज उमरग्याहून आला. दोन तास बसला. दोन्ही संगणक वायफायवर होतेच. त्यानं तुमच्या संगणकावरचा 'पत्रिका' नावाचा फोल्डर माझ्याकडं दिसेल असं केलं आणि माझ्या पडद्यावर एक चिन्ह ठेवून दिलं. त्यावर दोनदा क्लिक केलं की तुमचा फोल्डर उघडायचा. तुम्ही मधल्या खोलीत एक ओळ लिहून सेव्ह केलीत आणि ती मला पुढच्या खोलीत दिसली, त्या दिवशी तुम्ही गव्हाची हुग्गी केलीत. बाहेरच्यांना वाटलं काहीतरी सण आहे.

तिसऱ्या दिवशी चिन्ह उघडेना. मार्ग सापडत नाही म्हणायला लागलं. रियाजला फोन केला, तो म्हणाला बंद करून चालू करा. केलं, तर चाललं. दोन दिवसांनी पुन्हा बंद. मग कधी चालायचं, कधी नाही. रियाज दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा तो आला की चालायचं. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "आक्का, वायफाय है, चलता कभी कभी असंच. पेन ड्राईव्हच बरा."

मला पटलं होतं. खरं सांगते, मी सोडून दिलं होतं. पेन ड्राईव्ह देवळीतनं काढायला मी उठलेही होते. तुम्ही म्हणालात, "हात लावू नको. बिघाड असतो तर रोज बिघडलं असतं. हे कधी चालतंय कधी न्हाय. म्हणजे कायतरी बदलतंय. काय बदलतंय ते बघायचं."

आणि तुम्ही वही केलीत. दोनशे पानी, शाळेची. एकेका दिवसाला एकेक ओळ. आज चाललं की नाही. लाईट किती वाजता गेली, किती वाजता आली. कुणाचा संगणक आधी लागला, त्याला काय नंबर होता. दार उघडं होतं का बंद. मोबाईल किती जणांचे चालू होते. मी त्या वहीला हसायचे, तुम्ही वर बघायचाही नाहीत. फोनवर कानडीतले व्हिडिओ ऐकत भाकरी थापायचात. मराठीत जे तुम्हाला अवघड वाटलं ते तुम्ही आईच्या भाषेत ऐकून घेतलंत. आज्ञा टाईप करायच्या काळ्या खिडकीत समोरच्या संगणकाला हाक कशी मारायची, तो ओ देतो का ते कसं बघायचं, हे मला तुम्ही शिकवलंत. नेटवर्कवरचा आपल्या संगणकाचा नंबर कसा बघायचा तेही.

तेविसाव्या दिवशी तुम्ही वही घेऊन पुढच्या खोलीत आलात. म्हणालात, "सुनंदा, ज्या दिवशी लाईट जाऊन आल्यावर तू आधी संगणक लावतीस, त्या दिवशी बंद. मी आधी लावला की चालू. तेवीस दिवसांत एकदा पण चुकलं न्हाय."

रियाजला फोनवर सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "कोण आधी लावतं त्याचा काय संबंध आक्का? ही काय चूल हाय का, थोरलीनं पेटवायची?"

तुम्ही फोन ठेवलात. रागावला नाहीत. मला म्हणालात, तुझा नंबर वाच. मी वाचला. तुम्ही वहीत बघितलंत, तर तोच नंबर आदल्या दिवशी तुमच्या संगणकापुढं लिहिलेला, आणि तिथंच उमगलं तुम्हाला. रियाजनं ते चिन्ह तुमच्या संगणकाच्या नावानं नाही, नंबरानं बांधलं होतं. आणि नंबर वाटायचं काम वायफायच्या त्या राऊटरच्या डब्याकडं. लाईट गेली की डबा सगळं विसरायचा, आणि आल्यावर जो आधी दार वाजवील त्याला पहिला नंबर द्यायचा. मी आधी लावला की तुमचा नंबर माझ्या संगणकाला मिळायचा, आणि माझं ते चिन्ह माझ्याच दारावर जाऊन आक्का आहेत का विचारत बसायचं.

मी हसत सुटले. तुम्ही खाली बसलात, पदरानं कपाळ पुसलंत आणि म्हणालात, "म्हणजे संगणक बिचारा चांगला हाय. आपणच त्याला रोज नवा पत्ता देतोय." मग दोन्ही संगणकांना कायमचे नंबर बसवले. शेवटचा आकडा तुमचा दहा, माझा अकरा. थोरलीला आधीचा, हे तुम्ही मुद्दाम केलंत का, मी कधी विचारलं नाही.

त्या दिवसाचा मला इतका अभिमान आहे आक्का, की माझ्या बी.ए.च्या निकालाचाही तेवढा नव्हता. तुम्हाला सांगायला हवं होतं. मी काय म्हणाले, तर "बरं झालं, आता कामाला लागू." तेवढंच.

आपलं भांडण झालं ते त्यानंतर. तुम्ही फोल्डरला पासवर्ड घातलात. वर माझ्या नावानं असं करून ठेवलंत की तुमच्या फायली मला वाचता येतील, पण बदलता येणार नाहीत. मला ते कळलं कसं, तर एक मोकळी ओळ काढायला गेले आणि संगणकानं नकार दिला. मला वाटलं पुन्हा बिघडलं. वही काढली, सगळं तपासलं. मग तुम्ही आतनं म्हणालात, "बिघडलं न्हाय. म्याच केलंय."

"घरात पासवर्ड कशाला आक्का? मी चोर आहे का?"

"तू चोर न्हायस. तुला कानडी येत न्हाय. एक मात्रा हलली तर तुला कळणार पण न्हाय."

"मग मी पण माझ्या फायलींवर कुलूप घालते."

"घाल की. घालायलाच पाहिजे."

ते मला जास्तच लागलं. चार दिवस आपण बोललो नाही. काम मात्र थांबलं नाही. तुम्ही मजकूर ठेवायचात, मी उचलायची. पाचव्या दिवशी सकाळी तुमच्या फोल्डरात एक नवी फाईल दिसली. उघडली तर आत कोरी. नाव बघितलं. 'भाकरी झाल्यात ये.' मी उठून आत गेले. शेंगाच्या चटणीबरोबर दोन भाकरी खाल्ल्या. भांडण मिटलं नाही, बोलणं सुरू झालं. तुम्ही ते कुलूप शेवटपर्यंत काढलं नाहीत. मी अजून म्हणते, घरातल्या माणसावर कुलूप नसावं. तुम्ही असतात तर अजून म्हणाला असतात, विश्वासाचा प्रश्न न्हाय, मात्रेचा हाय. या वादाला आता निकाल नाही.

मग तो बोअर. रानात बोअर कुठं घ्यायचा यावरून दोघा भावांचं वाजलं. दादांनी दाखवलेल्या जागी घेतला, कोरडा गेला. तुमचे धाकटे दीर, म्हणजे आमचे हे, म्हणाले मी सांगत होतो. एवढंच म्हणून थांबले असते तर बरं झालं असतं. थांबले नाहीत. दादाही थांबले नाहीत. वर्षभरात चुली वेगळ्या झाल्या, मधल्या खोलीच्या कडेनं भिंत उठली, तुमचं दार मागच्या गल्लीला आणि आमचं पुढच्या रस्त्याला. दोघांनी ठरवून टाकलं की बायकांनी आपापलं काम आपापल्या घरात करावं. माझ्या नवऱ्यानं मला सांगितलं, आता कानडीसाठी दुसरं कुणीतरी बघ.

मी तुम्हाला ते सांगायला मागच्या गल्लीनं आले. तुम्ही तांदूळ धूत होतात. पाणी ओतून दिलंत आणि म्हणालात, "घर वेगळं झालं. कामाचं कुणी इचारलं आपल्याला?"

भिंत सिमेंटच्या विटांची, जाड. पलीकडं वायफाय पोचेना. तुम्ही रियाजला बोलावून लहर पुढं नेणारा एक डबा बसवून घेतलात. त्यानं तुमचा कायमचा नंबर काढून टाकला आणि नव्या डब्यानं दिला तो घेतला. तुमच्याकडं इंटरनेट आलं, माझ्याकडं होतंच, पण आपण एकमेकींना दिसेनाशा झालो. हाक मारली की ओ नाही. रियाज म्हणाला इंटरनेट चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

तुम्ही मला फोन लावलात. "तुझा नंबर सावकाश वाच."

मी वाचला. तुम्ही तुमचा वाचलात. टिंबांनी तोडलेल्या चारांपैकी पहिले दोन आकडे सारखे. तिसऱ्याला तुम्ही थांबलात. माझा एक, तुमचा शून्य.

"तिसरा आकडा गल्लीचा असतोय," तुम्ही म्हणालात. "त्या डब्यानं मला दुसऱ्या गल्लीत घातलंय. बाहेर जाता येतंय, पण तुझ्या दारात येता येईना."

मला वाटलं तुम्ही आता नशिबाबद्दल काहीतरी बोलाल. तुम्ही म्हणालात, "वायर लागंल. किती मीटर, मोजून सांग."

ज्या गवंड्यानं भिंत बांधली त्यालाच तुम्ही बोलावलंत. तो माझ्या बाजूला उभा, तुम्ही त्या बाजूनं, आणि हे दारात. भिंतीला जमिनीपासून हातभर उंचीवर भोक पडायला लागलं तेव्हा पलीकडून दादांचा आवाज आला. "भिंत बांधली ती भोक पाडायला व्हय?"

तुमचा आवाज चढला नाही. मला इकडं स्वच्छ ऐकू आलं. "भिंत तुमची दोघांची हाय. काम आमचं दोघींचं हाय. वायर काढली तर मी पत्रिका सोडीन, आन मग घरात बसून काय करीन ते तुमी बगा."

हे दारातनं आत आले, गवंड्याच्या हातातली बॅटरी घेतली आणि भोकावर उजेड धरून उभे राहिले. वायर इकडं येईपर्यंत हलले नाहीत. दहा आणि अकरा परत एका गल्लीत आले. त्यानंतरची तीन वर्षं मुरुमात जेवढ्या दोन भाषांतल्या पत्रिका निघाल्या, त्यातल्या बहुतेक त्या भोकातनं गेल्या. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्यांच्या बायकांनी जुळवलेल्या पत्रिकेत दोन्ही घरांची, दोन्ही भाषांची माणसं एका मांडवात बोलावली जात होती. गावात लोक हसायचे असतील. कुणी तोंडावर हसलं नाही.

तुम्ही गेल्याचं कळल्यावर रियाज भेटायला आला होता. आत यायला संकोचला, मागच्या गल्लीत चप्पल हातात धरून उभा. मला बघून म्हणाला, "भाभी, एक बात बोलायची होती. हसलो होतो मी त्यांना. आता कुणाच्या घरी शेअरिंग बंद पडलं म्हणून गेलो की पहिला सवाल तोच करतो. लाईट जाऊन आल्यावर कोण आधी लावतं? दहातल्या चार घरांत तेच निघतं. गिऱ्हाईक विचारतं हे कुठं शिकलास. मी सांगतो, मुरुमात." एवढं बोलून तो गेला. त्या सगळ्या दिवसांत तुमच्या नावानं झालेलं तेवढंच खरं भाषण.

तापानं तुम्हाला दवाखान्यात ठेवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेजारी बसले होते. ताप उतरत नव्हता, पण तुम्ही शुद्धीवर होतात. म्हणालात, "त्या बसवकल्याणच्या पाव्हण्यांचा कानडी मजकूर झालाय. फोल्डरात हाय. प्रूफ तेवढं कुणाकडनं तरी वाचून घे."

मी म्हणाले, "व्हय. तुम्हीच वाचा घरी आल्यावर."

तुम्ही डोळे मिटलेत. तिसऱ्या दिवशी गेलात, लिंगैक्य झालात. मी जे 'व्हय' म्हणाले त्याच्यापुढं काहीतरी बोलायला हवं होतं. मला वाटलं होतं वेळ आहे.

पाव्हण्यांचं लग्न काही थांबणार नव्हतं. बाराव्या दिवशी त्यांचा फोन आला, आधी दुःख व्यक्त केलं आणि मग चाचरत पत्रिकेचं विचारलं. मी संगणक लावला. तुमचा दिसेना. हात आपोआप वहीकडं गेला. तुम्हीच लिहिलेलं, पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात: 'एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी समोरचा चालू आहे का बघायचं.'

मागच्या गल्लीनं तुमच्या घरी आले. दादांनी दार उघडलं. मी म्हणाले, संगणक लावायचा होता. त्यांनी स्वतः चादर काढली, घडी घालून ठेवली. बटण दाबलं. चालू झाला, पण तिथनं माझ्या अकराला हाक मारली तर ओ नाही. खाली वाकून बघितलं तर वायरीजवळचा हिरवा दिवा बंद. सांत्वनाला आलेल्यांना बसायला जागा करताना टेबल सरकवलं होतं, वायर निम्मी निसटली होती. दाबली, दिवा लागला. घरी येऊन हाक मारली, ओ आली नाही. मग माझ्या बाजूचं तपासलं. मधल्या दिवसांत माझ्या संगणकानं अपडेट घेतलं होतं आणि घरच्या नेटवर्कला परकं समजून दारं लावून घेतली होती. ते बदलून 'घरचं' केलं. पुन्हा हाक मारली. दहा नंबरनं ओ दिली.

मग फोल्डर उघडला. कानडी मजकूर तिथं होता, पूर्ण, तुम्ही सांगितला तसा.

मला वाचता येत नव्हता. दादांना येतो. मी त्यांना फोन केला, म्हणाले, आक्कांच्या संगणकावर पत्रिका उघडी आहे, तुम्ही कानडीतलं वाचून मराठीत सांगा, मी माझ्या पानाशी ताडून बघते. दादा तुमच्या खुर्चीत बसले. मी फोन मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवला. छापलेलं मराठी पान हातात घेऊन आमचे हे माझ्या मागं उभे होते, मला माहीत नव्हतं.

"मुहूर्त," दादा पलीकडनं म्हणाले. "दुपारी बारा वाजून दहा मिन्टं."

मी पडद्यावरचं पान बघायला लागले, तोवर मागनं यांचा आवाज आला. "बारा दहा. बरोबर."

मग दादा म्हणाले, "स्थळ." आणि पुढं वाचायला लागले. हे उत्तर देत गेले. नावं, गावं, मामांची नावं, आज्यांची नावं. चार वर्षांत दोघा भावांचं झालेलं ते पहिलं बोलणं, आणि ते सगळं दुसऱ्याच्या लग्नाचं. शेवटी एक चूक निघाली. नवरीच्या गावाचं नाव माझ्या मराठीत चुकलं होतं. तुमच्या कानडीत एकही चूक नव्हती. दादांनी ते दोनदा सांगितलं. "हिचं सगळं बरोबर हाय," म्हणाले. "सगळं बरोबर हाय हिचं."

त्यापुढं दोघांत फार काही बदललं असं मी म्हणणार नाही. बोअरचा विषय अजून कुणी काढत नाही. पण प्रूफ वाचायचं काम दादांनी घेतलंय. टायपिंगही शिकतायत, एका बोटानं. मी चेष्टा करत नाही. मी स्वतः कानडीची मुळाक्षरं गिरवतेय. परवा तुमचं नाव लिहून दाखवलं तर दादा म्हणाले, वि ऱ्हस्व, कानडीत महादेवि असं लिहितात. वीस वर्षं एका घरात काढली, आणि मला तुमचं नाव तुमच्या भाषेत लिहिता येत नव्हतं. तुम्ही मात्र माझं नाव दोन्ही लिप्यांत लिहायचात, दोन्हीकडं बरोबर.

काल आळंदकडचा एक माणूस आला, मुलाच्या लग्नाची पत्रिका करायची म्हणून. नमुने चाळता चाळता कानडी पानावर थांबला आणि त्यानं विचारलं, "इकडं एवढं शुद्ध कानडी कोण जुळवतंय?" मी म्हणाले, आमच्या थोरल्या जाऊबाई, तुमच्याच भागातल्या होत्या. होत्या म्हटल्यावर तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, कोणत्या घरच्या? मी सांगायला लागले. घरचं सांगितलं, मग तूर निवडताना पकडलेल्या चुकीचं, मग वहीचं, तेवीस दिवसांचं, दुसऱ्या गल्लीत पडलेल्या नंबराचं. एकदाही आवाज अडखळला नाही माझा. मलाच नवल वाटलं. तो खुर्ची पुढं ओढून ऐकत होता. दोनदा चहा झाला. मग तो हसून म्हणाला, "बाई, पत्रिकेचं राहिलंच की."

मी म्हणाले, "द्या मजकूर. आपल्याकडं दोन्ही भाषा होतात."